मोटार घेताना मोजमाप कशाचे?

ब्रिटनमधील आपल्या घरांत दुसरे वा तिसरे मूल आले की मोठ्या मोटारीचा विचार सुरू होतो. तो रास्तच आहे. मात्र विहारासमोर उभ्या असलेल्या इतरांच्या गाड्या पाहून ही निवड होऊ नये, असे आम्हांस वाटते.

उंच, भारदस्त गाडी म्हणजेच सुरक्षित गाडी, हा समज तपासून घ्यावा. युरो एनकॅप ही संस्था १९९७ पासून धडक-चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध करते. तिचे निकष उत्तरोत्तर कडक होत गेले आहेत. म्हणून तारे मोजण्यापूर्वी चाचणीचे वर्ष पाहावे.

येथील कायद्यानुसार मूल १२ वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंचीचे, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत, त्यास बालआसन लागते. पाच आसनांच्या अनेक गाड्यांत आयसोफिक्सची सोय मागील दोन कडेच्या जागांनाच असते. तीन बालआसने शेजारी शेजारी मावतीलच असे नाही. सात आसनी गाडीत शेवटची रांग उघडली की सामानाची जागा आक्रसते. भारतातून आलेले आजी-आजोबा त्या रांगेपर्यंत पोहोचतील का, हाही प्रश्न उरतो. तेव्हा आपली बालआसने प्रत्यक्ष बसवून पाहिल्याविना सौदा करू नये.

दिखाऊ गाडीचे हप्ते अखेर मुलांच्या शिक्षणाच्या पैशांतूनच जातात. चाचणीत उत्तम ठरलेली, वापरलेली साधी गाडी घेण्यात कमीपणा नाही. बालआसन मात्र नवेच घ्यावे. जुने आसन अपघातातून गेले आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही.