विश्रांतीचाही हुकूम हवा

फौजीला व्यायामाचं व्यसन लागतं असं म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं: व्यायाम हा तर त्याचा पेशा, त्याला व्यसन कसं म्हणायचं? दिसायला बिनतोड असलेला हा युक्तिवाद मला घातक वाटतो.

पेशाची गरज मोजलेली असते. भारतीय लष्कराच्या बीपीईटी या शारीरिक क्षमतेच्या चाचणीत पाच किलोमीटरची दौड, साठ मीटरची धाव, दोर चढणं, नऊ फुटी खड्डा ओलांडणं, असं सगळं ठरलेलं असतं. ते पार करून, सकाळची पीटी आटोपून, सुजलेल्या नडगीनिशी जो संध्याकाळी पुन्हा धावायला निघतो, त्याला लष्करानं पाठवलेलं नसतं. धावणं चुकलं की त्याची झोप उडते, तो घरच्यांवर खेकसतो, दुखणं एमआय रूमपासून, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यापासून, लपवतो. किती धावतो यापेक्षा थांबता येतं का, हे इथे पाहायचं. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक बेकलँड यांना व्यायाम बंद केल्यावर झोपेचं काय होतं ते तपासायचं होतं. रोज व्यायाम करणारे जादा पैसे देऊ केले तरी थांबायला तयार होईनात, असं त्यांनी 1970 मध्ये नोंदवलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 2013 च्या डीएसएम-5 या अमेरिकी निदानसूचीत जुगाराचं व्यसन आहे, व्यायामाचं नाही. खरं आहे, आणि घाईनं शिक्का मारणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावं. या व्यसनाची 2004 ची एक प्रचलित प्रश्नावली आहे. तिच्यातलं पहिलंच विधान व्यायाम ही आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट असल्याचं आहे. धडधाकट कमांडोही त्याला होकार देईल. नुसत्या गुणांवरून सैनिकाला व्यसनी ठरवणं अन्यायच.

पण हाड निदानसूची वाचत नाही. सततच्या भारानं हाडातला जुना भाग आधी झिजवला जातो, नवा भरायला काही आठवडे लागतात, आणि त्या मधल्या काळात हाड कच्चं असतं. तेव्हाच भार चालू राहिला की बारीक तडा जातो. प्रशियन लष्करातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी 1855 मध्येच कूच करणाऱ्या शिपायांचे सुजलेले, दुखरे पाय नोंदवले होते. ते हाड मोडल्यामुळे होतं, हे क्ष-किरण आल्यावर कळलं. असा तडा मांडीच्या हाडाच्या मानेत गेला आणि जवान धावतच राहिला, तर हाड सरकतं, खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. ऐन विशीतल्या मुलाच्या खुब्यावर शस्त्रक्रिया! अतिश्रमानं स्नायू फुटून लघवी काळपट होणं आणि मूत्रपिंडावर बेतणं, हेही लष्करी डॉक्टरांना नवं नाही.

‘दारूपेक्षा बरं’ हा तिसरा बचाव. व्यायामानं नैराश्य हलकं होतं, हे मला मान्यच आहे. पण युद्धावरून परतलेला सैनिक आठवणी दाबायला फक्त धावण्यावर विसंबला, तर पाय मोडेल त्या दिवशी त्याच्याकडे दुसरा कुठलाच आधार उरत नाही. त्याला उपचार हवेत, शाबासकी नको.

आणि शाबासकीच मिळते, हे खरं दुखणं. दारू पिणारा नजरेत भरतो. रात्री मैदानावर एकटाच धावणाऱ्याचं मात्र उदाहरण दिलं जातं. सिक रिपोर्ट केला तर कामचुकार ठरण्याची भीती, लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तंदुरुस्तीचा खालचा दर्जा, मिळाली तर कोर्स आणि बढती अडण्याची धास्ती. मग कोण खरं सांगेल?

म्हणून व्यायाम कमी करा असं माझं म्हणणं नाही. पीटीच्या उस्तादाला दोर चढवणं शिकवतात, तसं दुखापत झाकणारा जवान ओळखणंही शिकवावं. विश्रांती सवलत म्हणून न देता हुकूम म्हणून द्यावी, कारण हुकूम पाळताना फौजीला कमीपणा वाटत नाही. तो पाळवत नसेल, तर तिथे मानसोपचारतज्ज्ञाचं काम सुरू होतं. आणि वेळेवर सांगितलेल्या, बऱ्या होणाऱ्या दुखापतीची झळ बढतीला लागणार नाही, हे कमांडिंग ऑफिसरनं पलटणीसमोर उभं राहून सांगावं.