आडवी सरासरी आणि रिकामे घर

संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या पेढ्यांवर एक अडचण वारंवार उद्भवते. ग्राहकनिहाय विक्रीचा तक्ता डेटाबेसमध्ये साठवलेला असतो. प्रत्येक ग्राहकाची एक ओळ आणि त्या ओळीत एप्रिल, मे, जून, जुलै असे महिन्यांचे स्वतंत्र रकाने. एप्रिलमध्ये ग्राहकांनी सरासरी किती माल उचलला, हे क्षणार्धात कळते. परंतु एकाच ग्राहकाची चार महिन्यांची सरासरी विचारली, की गाडी अडते. एक्सेलमध्ये उभी-आडवी दोन्ही सरासरी सारख्याच सहजतेने निघते. मग डेटाबेसला हे का जमू नये?

याचे उत्तर डेटाबेसच्या रचनेत आहे. आयबीएममधील गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली एका निबंधात या रचनेचा पाया घातला. तीत एका रकान्यात एकाच जातीची माहिती असते : एकात नाव, दुसऱ्यात गाव, तिसऱ्यात रक्कम. उभ्या रकान्यातील रकमांची बेरीज अर्थपूर्ण असते. आडव्या ओळीत मात्र नाव आणि गाव यांची बेरीज करण्यात काय अर्थ? म्हणून एसक्यूएल या भाषेतील सरासरी व बेरीज यांची फंक्शन्स अनेक ओळींवर चालतात, एका ओळीतील अनेक रकान्यांवर नाही.

यावर सरधोपट उपाय म्हणजे चारही रकाने अधिक चिन्हाने जोडून चाराने भागणे. चारही घरे भरलेली असतील, तर उत्तर बरोबर येते. घोळ होतो तो रिकाम्या घरामुळे.

समजा, एका ग्राहकाची खरेदी एप्रिलमध्ये ४०,०००, मेमध्ये ६०,००० आणि जुलैमध्ये ५०,००० रुपये आहे; जूनचे घर रिकामे आहे. डेटाबेस रिकाम्या घराला शून्य मानत नाही. त्याच्या लेखी ते ‘नल’, म्हणजे अज्ञात असते. आणि ज्या बेरजेतील एक रक्कम अज्ञात, ती बेरीजही अज्ञातच. म्हणून उत्तराची जागाही रिकामी राहते. संगणकतज्ज्ञाने घाईने रिकाम्याच्या जागी शून्य धरले, तर सरासरी ३७,५०० येते. रिकामे घर वगळून तिनाने भागले, तर ५०,०००.

यातील खरे उत्तर कोणते, हे यंत्र सांगू शकत नाही. ते पेढीलाच ठाऊक असते. जूनमध्ये ग्राहकाने माल उचललाच नसेल, तर ३७,५०० बरोबर. त्या महिन्याची नोंद करावयाची राहून गेली असेल, तर ज्ञात महिन्यांची सरासरी ५०,००० हीच धरावी लागेल. या आकड्यावरून उधारीची मर्यादा ठरत असेल, तर चुकीच्या उत्तराने एकतर चांगला ग्राहक दुखावतो, नाहीतर पेढीची रक्कम अडकते. म्हणून खरेदी नसेल तेथे स्पष्ट शून्य लिहावे आणि माहिती नसेल तेथेच घर रिकामे ठेवावे.

ओळीतील सर्वांत मोठी वा लहान रक्कम काढण्यासाठी ‘ग्रेटेस्ट’ आणि ‘लीस्ट’ ही फंक्शन्स उपलब्ध आहेत. परंतु पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ती रिकामे घर वगळतात, तर मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये एक घर रिकामे असले तरी उत्तर रिकामे येते. सॉफ्टवेअर बदलताना हे तपासून घ्यावे.

मुळावरचा उपाय मात्र निराळा आहे, आणि तो आपल्या जुन्या वह्यांना परका नाही. रोजकीर्दीत प्रत्येक व्यवहार स्वतंत्र ओळीत उतरतो : तारीख, नाव, रक्कम. पुढे खतावणीत त्याचे खातेनिहाय वर्गीकरण होते. डेटाबेसमध्येही महिन्याला रकाना न करता ओळ करावी. ग्राहक, महिना आणि रक्कम असे तीनच रकाने ठेवावेत. मग ग्राहकानुसार गट पाडले, की सरासरी आपोआप निघते आणि नव्या महिन्यासाठी तक्ता बदलावा लागत नाही. जुना आडवा तक्ता असा उभा करण्याची सोय बहुतेक डेटाबेसमध्ये आहे. एक सावधगिरी मात्र येथेही हवी : ज्या महिन्यात खरेदी नाही, त्या महिन्याची शून्य रकमेची ओळ नसेल, तर तो महिना सरासरीतून निसटतो.

उभ्या मांडणीचा आणखी एक लाभ आहे. दोन ग्राहक घ्या. एकाची खरेदी चारही महिने ५०,०००. दुसऱ्याची तीन महिने ५,००० आणि चौथ्या महिन्यात एकदम १,८५,०००. दोघांचीही सरासरी ५०,०००च! पण मध्यक पाहिला, तर पहिल्याचा ५०,००० आणि दुसऱ्याचा केवळ ५,०००. कोणाची खरेदी नियमित आणि कोणाची एकाच मोठ्या सौद्यावर टेकलेली, हे येथे उघड होते. मध्यक केवळ अधिक आणि भागिले या चिन्हांनी निघत नाही. आकड्यांचा क्रम लावावा लागतो, आणि तो ओळींचा सहज लागतो.

तेव्हा पेढीचे सॉफ्टवेअर करून घेताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : महिने रकान्यांत आहेत की ओळींत? रिकामे घर आणि शून्य वेगळे ठेवले आहेत का? सरासरी काढताना भागाकार कितीने होतो? या तिन्हींची उत्तरे स्पष्ट मिळाल्यावाचून पडद्यावरील सरासरीवर उधारीचा निर्णय सोपवू नये.