समजून घ्या : कळवणचा मल्लखांबपटू बारावीनंतर कुठे अडतो?

जिम्नॅस्टिक्सला मुलांसाठी सहा आणि मुलींसाठी चार साधने लागतात. गाद्या आणि सभागृह वेगळेच. कळवणसारख्या तालुक्याच्या गावात एवढे उभारणे अवघड. मल्लखांबाला सागवानी खांब, दोर, एरंडेल तेल आणि रोज येणारा प्रशिक्षक पुरतो. (हा शेवटचाच मिळणे कठीण!)

शाळेत जिल्हा, विभाग, राज्य अशी वाट ठरलेली असते. २०२२ मध्ये पंचकुला येथील खेलो इंडिया युवा स्पर्धेतही मल्लखांब आला, पण ती १८ वर्षांखालील मुलांची. पुढची वाट महाविद्यालयातून जाते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आधी नाशिक विभाग, मग आंतरविभागीय स्पर्धा आणि निवड झाल्यास आंतरविद्यापीठ.

मात्र बहुतेक महाविद्यालये प्रवेशिका भरतात. सराव जुन्या तालमीतच करावा लागतो. मुलगा नाशिकला शिकायला गेला की तालीम सुटते आणि कळवणला राहिला की प्रॅक्टिकलची वेळ आडवी येते. म्हणून महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकांनी प्रवेशाच्या वेळीच त्याच्या प्रशिक्षकाशी बोलून सरावाचे तास ठरवावेत. त्याला वेगळा निधी लागत नाही.