फटफटीची आंघोळ

दिवाळी तोंडावर आली म्हणजे घरातली बायकामंडळी पदर खोचून माळ्यावर चढतात. फडताळ भिंतीपासून ओढून त्याच्या पाठीमागची जळमटे काढतात, समईच्या खाचांतले काजळ चिंचेने आणि राखेने घासतात, डब्याच्या झाकणाच्या कडेत बसलेले पीठ काडीने कोरून काढतात. ह्याच सुमारास घरातले कर्ते पुरुष फटफटी घेऊन धुलाईच्या दुकानात जातात. तिथे एक पोरगा हातात बंदुकीसारखी नळी धरून गाडीवर पाच-दहा मिनिटे पाण्याचा मारा करतो, टाकीवर फडके फिरवतो, आणि गृहस्थ घरी येऊन मोठ्या ऐटीत सांगतो, "गाडी धुऊन आणली!"

आमचे भांडण ह्या वाक्याशी आहे. गाडी भिजवून आणली असे म्हणावे, आमची हरकत नाही. धुतली मात्र म्हणू नये. ज्याला शंका असेल त्याने आत्ताच उठून, फराळाचे ताट थोडे बाजूला सारून, आपल्या फटफटीपाशी उकिडवे बसावे आणि इंजिनाच्या दोन पाकळ्यांच्या मध्ये बोट घालून पाहावे. कार्बोरेटरच्या खाली, सिलिंडरच्या पाठीमागे, चेनच्या पुढच्या दातेरी चक्रावरच्या झाकणाआड काय दडले आहे तेही पाहावे. टाकीत तोंड दिसते आहे खरे. पण त्याच टाकीच्या खाली गेल्या पावसाळ्याचा चिखल अजून मुक्काम ठोकून आहे.

कोणी म्हणेल, आत कोण पाहतो? आमचे उत्तर असे की इंजिन पाहते. आपल्याकडच्या बहुतेक साध्या फटफट्यांचे इंजिन हवेवर थंड होते. जळलेल्या पेट्रोलच्या शक्तीतला ढोबळमानाने चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो; बाकीची बहुतेक नुसती उष्णता होते. काही सायलेन्सरवाटे जाते, उरलेली इंजिनाच्या अंगावरून बाहेर पडावी लागते. त्यासाठीच सिलिंडरभोवती त्या पातळ पाकळ्या काढलेल्या असतात. त्या शोभेसाठी नाहीत. वाऱ्याला भिडणारे अंग वाढावे म्हणून कारागिराने इंजिनाला घातलेल्या त्या निऱ्या आहेत. निऱ्यांत चिखल भरला की वाऱ्याची वाट बंद झाली, आणि भर उन्हात इंजिनाला घोंगडे पांघरल्यासारखे झाले.

आता हा चिखल कोणता तेही ध्यानात घ्या. आमच्या बुलढाणा जिल्ह्याची काळी माती कापसाला आईसारखी आहे, पण फटफटीची ती सावत्र आई. ती पाण्याने फुगते, गुळाच्या पाकासारखी चिकटते, आणि वाळली की दगड होते. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात तर तिचा थर फार खोल. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, कुठल्याही बाजूला जा, आषाढ-श्रावणात शेताच्या पांदण रस्त्याने गाडी काढली की पुढचे चाक ती माती इंजिनाच्या तोंडावर उडवते. वरून इंजिनाची आच. वीटभट्टीत दुसरे काय असते? दसरा येईपर्यंत पाकळ्यांच्या मध्ये पक्क्या विटा तयार झालेल्या असतात.

ह्यावर सुगीचा लेप चढतो. सोयाबीनची काढणी सुरू झाली की हवेत भुसा. त्यामागून कापसाचे दिवस येतात; खामगावसारख्या जुन्या आणि नामांकित कापूस-पेठेकडे गाड्या लागल्या की रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढरी पिंज उडते. इंजिनाच्या सांध्यातून थोडेसे तेल पाझरत असले तर ही पिंज आणि हा भुसा त्याला असा चिकटतो की वर धूळ बसून त्याचा नमदाच बनतो.

आणि हे इंजिन करते काय? मोताळ्याकडून राजूरचा घाट चढून बुलढाण्याला या. अंगावर दोन माणसे, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, गियर दुसरा, वेग बैलगाडीपेक्षा थोडा बरा. फटफटीच्या इंजिनाला पंखा नसतो. तिचा वेग हाच तिचा वारा. घाटात वेग कमी म्हणून वारा कमी, ओझे जास्त म्हणून आच जास्त, आणि पाकळ्यांत विटा. आतले तेल तापून पातळ होते, पिस्टन आणि सिलिंडर ह्यांच्यामधला तेलाचा पदर विरतो, धातूला धातू घासतो. मग एके दिवशी इंजिन जाम होते आणि मालक म्हणतो, "कंपनीच बेकार!" ह्यात कंपनीचा दोष किती आणि काळ्या मातीच्या विटांचा किती, हे त्याने आपल्या बोटाला विचारावे.

ज्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग मेहकर-सिंदखेडराजाकडून झोकात जातो, त्या महामार्गावर दुचाकीला प्रवेश नाही. आमच्या फटफटीच्या नशिबी पांदण, घाट आणि धूळच आहे. म्हणून शहरातल्या डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीपेक्षा तिची निगा अधिक हवी, हे सांगावयास कोणी इंजिनिअर लागू नये.

"पण तेवढ्यासाठीच तर फवाऱ्याचा मारा करतो ना?" असे विचारणारे भेटतील. त्यांना आम्ही सांगतो, फवारा सरळ जातो; घाण वळणात बसते. समोरून मारलेले पाणी पाकळ्यांच्या तोंडावरचा चिखल उडवते आणि मागचा आणखी आत दाबते. शिवाय ह्या यंत्राचा दाब 100 बारच्या घरात असू शकतो, म्हणजे फटफटीच्या टायरात जेवढी हवा भरतो त्याच्या चाळीस-पन्नास पट. एवढ्या दाबाचे पाणी जिथे जावे तिथे जात नाही आणि जाऊ नये तिथे हटकून जाते. चाकाच्या बेअरिंगमधले ग्रीस ते धुऊन नेते, वायरींच्या जोडांत शिरते, एअर फिल्टर भिजवते, प्लगच्या खळग्यात साचते. काही इंजिनांत त्या खळग्यातले पाणी जावे म्हणून बारीक भोक ठेवलेले असते. तेच मातीने बुजलेले असले तर पाणी तिथेच मुक्काम करते, आणि दुसऱ्या दिवशी गाडी फटफटण्याऐवजी खोकू लागते. अनेक कंपन्यांनी गाडीबरोबर दिलेल्या पुस्तिकेत जोराचा फवारा मारू नये असे छापलेले असते. पण ती पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढण्याचे धाडस आपल्यापैकी कितीजणांनी केले आहे?

त्यात गाडी दुकानात चालवत नेलेली असते, म्हणजे इंजिन तापलेले. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नये हे घरातली लहान मुलगी जाणते. तिचा बाप मात्र तापलेल्या इंजिनावर गार पाण्याचा मारा पैसे देऊन करवून घेतो.

पाण्याचाही विचार करा. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदच्या बाजूला, बोअरचे पाणी खारट. ते खाचांत राहून वाळले की पांढरे क्षार उरतात. ॲल्युमिनियमला आणि वायरींच्या तांब्याला ते हळूहळू खातात. घाटावर पाणी गोड आहे, पण ते मुबलक आहे असे कोणी म्हणू धजेल काय? बुलढाणा शहराची तहान पैनगंगेवरच्या येळगावच्या धरणावर. उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्याने दिवाळीत एकेका फटफटीवर पिंपेच्या पिंपे ओतावीत, आणि ते तेलकट पाणी नालीवाटे पुन्हा ओढ्यात सोडावे, ह्याला सण म्हणावयाचे की उधळपट्टी?

वाचकहो, आपल्याला आंघोळ घालता येत नाही असे मुळीच नाही. पोळा आठवा. आदल्या दिवशी खांदशेकणी. जुवाने घट्टा पडलेल्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचे. मग नदीवर नेऊन मानेखालच्या पोळीत, शिंगांच्या बुडाशी, खुरांच्या बेचक्यांत हात घालून घासायचे. तिथे कोणी लांब उभे राहून बैलावर पाण्याची नळी सोडत नव्हते. ज्या जागी काम केल्याची खूण उमटते, त्याच जागी आधी हात जायचा. आज खताचे पोते, दुधाचा कॅन, शाळेतली मुलगी आणि दवाखान्यात न्यावयाची म्हातारी हे सगळे जी ओढते, त्या फटफटीला खंडेनवमीला आपण झेंडूची माळ घालतो आणि हळदकुंकू लावतो. पूजा जरूर करा. पण जिचा खांदा आपण कधी पाहिला नाही तिच्या कपाळाला कुंकू लावण्यात भक्ती कमी आणि सवय जास्त आहे. गाडगे महाराज ह्याच वऱ्हाडाचे. गावात शिरले की आधी हाती झाडू, आणि कीर्तन रात्री. आपण कीर्तन उरकून घेतो आणि झाडूचे काम धुलाईच्या पोरावर सोपवतो.

"हे मेकॅनिकचे काम आहे," अशी एक पळवाट आहे. मेकॅनिकचे हात दुरुस्तीसाठी आहेत. जेवण रांधणारा आचारी मिळाला म्हणून कोणी ताटावरचा हात धुवायलाही आचाऱ्यालाच बोलावत नाही. दुसरी पळवाट नव्या गाडीची. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज-6 चे नियम लागू झाले आणि बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर जाऊन इंधन फवारणारी विजेची व्यवस्था आली. म्हणून पाकळ्या गेल्या काय? साध्या गाड्यांत त्या जशाच्या तशा आहेत. उलट वायरी आणि त्यांचे जोड वाढले, म्हणजे अंदाधुंद पाण्याचे भय वाढले.

तिसरी पळवाट वेळेची. त्यासाठी आम्ही हिशेबच मांडतो. एक सकाळ, दीड तास. इंजिन रात्रभर थंड झालेले असावे. आधी सगळे कोरडेच करायचे. घरात बाई आधी केर काढते आणि मग ओले फडके फिरवते. केरावर पाणी ओतून चिखल करीत नाही. बांबूची कामटी तासून पाकळ्यांतल्या विटा फोडायच्या. लोखंडी पेचकस नको, त्याने नरम धातूवर ओरखडे पडतात. मग रंगाचा जुना ब्रश, दात घासायचा टाकलेला ब्रश, बाटली धुवायचा लांब ब्रश. जिथे ब्रशही जात नाही तिथे जुन्या धोतराची किंवा सुती लुगड्याची पट्टी दोन पाकळ्यांमधून ओवायची आणि दोन्ही टोके धरून ताक घुसळल्यासारखी मागेपुढे ओढायची. सिलिंडरच्या पाठीमागची जागा एवढ्यानेच लख्ख होते. प्लग ह्या वेळी जागेवरच घट्ट असू द्यावा. भोवतालची रेती काढण्याआधी जो प्लग खोलतो तो ती रेती आपल्या हाताने सिलिंडरात टाकतो.

चेनच्या पुढच्या चक्रावरचे झाकण काही बोल्ट काढले की निघते. बोल्ट ज्या भोकांतले त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवा, कारण त्यांची लांबी सारखी असेलच असे नाही. आत तेल आणि मातीचे काळे मेण साठलेले असते. ते चेनचे दाते झिजवते आणि शेजारचे ऑइल सील खाते. कामटीने काढा, रॉकेल किंवा डिझेल ब्रशला लावून उरलेले पुसा, आणि मग साबणाच्या पाण्याने तो तेलकटपणाही घालवा. नाही तर त्यावर आठ दिवसांत पुन्हा धूळ बसेल. पाणी लागेल एक बादली. सायलेन्सरच्या तोंडाला आणि एअर फिल्टरच्या वाटेवर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी, आणि शेवटी ती आठवणीने काढावी. सगळे पुसून, वाळवून, चेनला तेल देऊन मगच गाडी सुरू करावी. तेलकट चिंध्या आणि खरवड नालीत टाकू नये.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. पेट्रोलने इंजिन पुसू नका. रॉकेलची वाफ पेट घ्यावयास ते सुमारे 38 अंश सेल्सिअसपर्यंत तापावे लागते. पेट्रोलची वाफ शून्याखाली 40 अंशांच्या सुमारासही पेट घेऊ शकते. अंगणात पणत्या आहेत, पोरांच्या हाती फुलबाज्या आहेत. रॉकेल असो की डिझेल, तेही दिवेलागणीच्या आधी उरकून, डबा झाकून, मुलांपासून दूर ठेवलेले बरे.

ह्या दीड तासाचा एक लाभ कोणतेही दुकान देऊ शकत नाही. स्वच्छ इंजिन बोलते. चार दिवसांनी कुठल्या सांध्यावर ओले दिसते, कुठला बोल्ट सैल आहे, कुठली रबरी नळी तडकली आहे, हे पुसलेल्या अंगावर लगेच कळते. चिखलाखालची गळती कळते ती घाटात, रात्री, पाठीमागे आजारी माणूस बसलेले असताना.

धुलाईच्या दुकानातल्या पोराचा आम्हांला राग नाही. त्याला आपण घाई करतो आणि चमक मागतो. तो चमक देतो. त्याच्याकडे जायचेच असेल तर इंजिन थंड होईपर्यंत थांबा, नळीचा जोर कमी करावयास सांगा, आणि त्याने हाताने चार ठिकाणी ब्रश फिरवला तर दोन पैसे जास्त द्या.

पण त्याहून बरे हे की ह्या दिवाळीत अंगणात पोते अंथरावे आणि मुलामुलींना भोवती बसवावे. मुलीलाही कामटी द्या. उद्या तीही कॉलेजला हीच गाडी नेणार आहे. आणि अडचणीतल्या जागा कशा साफ करावयाच्या हे ठाऊक नसेल, तर लाज न बाळगता माळ्यावर चढलेल्या बाईला विचारा. तिचे त्या विद्येत सारे आयुष्य गेले आहे. तिला आजवर कोणी गुरू म्हटले नाही, एवढेच.