बेरीला बाजाराने बुडवले नाही

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ज्यांनी पसरले नाहीत ते बुडाले, त्यात गळा काढण्यासारखे काय? २७ ऑगस्ट २०१९ रोजी बेरी फुटबॉल क्लबला इंग्लिश लीगमधून काढून टाकले, तेव्हा असे म्हणणारे पुष्कळ निघाले. आजही एखादा क्लब डबघाईला आला की तोच सूर लागतो. दुकान तोट्यात गेले की बंद होते, मग क्लबला वेगळा न्याय कशासाठी? बोलणे रोखठोक आहे, म्हणून पटतेही. पण बेरीचा व्यवहार जवळून पाहिला की ते खोटे ठरते.

बेरी हे मँचेस्टरच्या उत्तरेचे, एके काळी कापडगिरण्यांवर पोसलेले गाव. क्लब १८८५चा आणि गिग लेन हे मैदानही तेव्हापासूनचे. १९०३च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात या क्लबने डर्बी काउंटीला ६-० असे धुतले. त्या विजयाची बरोबरी व्हायला २०१९ साल उजाडले. ती मँचेस्टर सिटीने केली. त्याच वर्षी बेरीची लीगमधली सव्वाशे वर्षांची जागा गेली.

आणि ती मैदानावर हरून गेली नाही. २०१८-१९च्या हंगामात चौथ्या श्रेणीत दुसरा क्रमांक पटकावून संघाने बढती मिळवली होती, तीही खेळाडूंचे पगार थकलेले असताना. ज्यांना दुकानाचीच भाषा हवी त्यांना विचारतो, माल चोख होता, गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्यांचे होते, मग बुडाले काय?

बुडाला तो कारभार. २०१३पासून क्लब एका बांधकाम व्यावसायिकाच्या हाती होता. सामन्याला सरासरी चार हजारांच्या आसपास प्रेक्षक येणारा हा क्लब, आणि पगार दिले ते मालकाच्या खिशाच्या भरवशावर. ऋण काढून सण चालला होता. गिग लेन गहाण पडले. मैदानाजवळच्या पार्किंगच्या जागासुद्धा गुंतवणूकदारांना विकल्या गेल्या. मालकाचा बांधकामाचा धंदा अडचणीत आला, तशी डिसेंबर २०१८मध्ये क्लबची विक्री झाली. किंमत एक पौंड. घेणारे स्टीव्ह डेल. बेरी नावाचा फुटबॉल संघ आहे हेच आपल्याला ठाऊक नव्हते, असे त्यांनी पुढे स्वतःच नभोवाणीवर सांगितले. क्लब चालवायला पैसा कुठून आणणार, याचा पुरावा हाती येण्याआधीच लीगने व्यवहार होऊ दिला. लीगला हे नंतर कबूल करावे लागले.

बाजाराची शिस्त म्हणतात ती यात कुठे आहे? साधे घर भाड्याने देतानाही माणूस भाडेकरूची चौकशी करतो. इथे सव्वाशेहून अधिक वर्षांची संस्था हातोहात गेली आणि दारावर कोणी विचारले नाही. जुलै २०१९मध्ये देणेकऱ्यांशी तडजोडीचा ठराव झाला, तो तर याहून वाईट. खेळाडू आणि इतर क्लब यांचे देणे पुरेपूर द्यायचे, बाकीच्यांना पौंडामागे पंचवीस पेन्स. हा फुटबॉलच्या पंचक्रोशीतला जुना नियम आहे. म्हणजे अवाच्या सवा पगाराचे करार शाबूत राहतात आणि उधारीवर माल देणारा गावातला व्यापारी व सरकारी कर यांना कात्री लागते. चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढेच म्हणता येईल.

शिवाय दुकान बंद पडले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. बोल्टन काही मैलांवर आहे, आणि तोही क्लब बेरीच्या हकालपट्टीच्याच आठवड्यात मरता मरता वाचला. पण म्हणून बेरीचा माणूस बोल्टनचा होत नाही. २७ ऑगस्टला शनिवारचा सामना होईल या आशेने शेकडो लोक झाडू घेऊन गिग लेनवर आले, स्टँड झाडले, खुर्च्या पुसल्या. खरेदीची बोलणी त्याच दिवशी फिसकटली आणि रात्री हकालपट्टीचा निर्णय आला. त्याआधीच क्लबच्या एका माजी संचालिकेने मैदानावरच्या पाण्याच्या पाइपाला स्वतःला बेड्या ठोकून घेतल्या होत्या. गिऱ्हाईक असे वागत नाही.

चाहत्यांनीच महागडे खेळाडू मागितले, हा दुसरा आरोप. टाळ्या त्यांनी वाजवल्या हे खरे. पण गहाणखतावर सही त्यांची नव्हती.

दोष एकट्या बेरीवर ढकलूनही भागत नाही. २०१८-१९च्या त्या हंगामात इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबांचा पगारखर्च त्यांच्या एकूण उत्पन्नाच्या १०७ टक्के होता. मिळकतीपेक्षा पगार जास्त, हीच तिथली रीत झाली होती. अशा ठिकाणी काटकसरी क्लब खाली घसरतो आणि उधळ्या काही वर्षे तरी वर राहतो. एकेका मालकाला शहाणपण शिकवून हे थांबणार नाही. नियम सगळ्यांना एकच हवा आणि तो हंगामाच्या आधी लागू व्हायला हवा.

जर्मनीत मताधिकाराचा मोठा हिस्सा सभासदांकडेच ठेवण्याची अट आहे. तिचे गोडवे मीही गातो, पण तेवढ्यावर विसंबणे भाबडेपणाचे ठरेल. ही अट असतानाही बोरुसिया डॉर्टमुंड २००५मध्ये दिवाळखोरीच्या उंबऱ्यावर होता. सभासदांचे मत हवे आणि पैशांची तपासणीही हवी; एकीची उणीव दुसरीने भरत नाही.

बेरीच्या लोकांनी आपल्या परीने हे करून दाखवले. २०२२मध्ये चाहत्यांच्या संस्थेने सरकारी मदत आणि देणग्या यांच्या बळावर गिग लेन परत घेतले. पुढच्या वर्षी चाहत्यांच्या दोन गटांनी मतदान करून एकत्र येणे मान्य केले आणि नवव्या श्रेणीतून खेळ पुन्हा सुरू झाला. २०२५मध्ये संघ एक पायरी वर चढला.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये इंग्लंडमध्ये फुटबॉल कारभाराचा कायदा झाला. आता स्वतंत्र नियामक मालकाची आणि त्याच्या पैशांची आधी छाननी करणार आहे, आणि मैदान विकायचे किंवा तारण ठेवायचे तर त्याची परवानगी लागेल. बेरीला हेच हवे होते, सहा वर्षे आधी. तरीही एक जागा रिकामी राहिली आहे. क्लबचे बोधचिन्ह किंवा रंग बदलायचा तर चाहत्यांचा कौल पाहावा लागतो, पण क्लब कोणाच्या हाती द्यायचा हे ठरवताना त्यांना मत नाही. ते द्यायला हवे. एका पौंडाच्या त्या सौद्याआधी गिग लेनवर मतदान झाले असते, तर पैसे कुठून आणणार, हा प्रश्न चार हजार जणांनी विचारला असता.