बेस चोरताना बॅटर आडवा आला तर?

पिचरने चेंडू टाकताच पहिल्या बेसवरचा रनर दुसऱ्याकडे सुटतो. यालाच बेस चोरणे म्हणतात. कॅचरला होम प्लेटपासून सुमारे 127 फूट फेक करायची असते आणि हाताशी जेमतेम दोन सेकंद. तेवढ्यात बॅटर तोल जाऊन प्लेटवर आला तर?

मोहर्लीतला क्रिकेटवेडा लगेच विचारेल, ‘मुद्दाम आला का?’ हा प्रश्न क्रिकेटचा. 12 मे 2024 रोजी चेन्नईत यष्टिरक्षक संजू सॅमसनची फेक धावणाऱ्या रवींद्र जडेजाला लागली, तेव्हा तिसऱ्या पंचांनी हेच तपासले आणि जडेजाला बाद दिले. बेसबॉलचा पंच मन वाचत बसत नाही. बॅटर चौकोनाबाहेर आला, किंवा आत राहूनही हालला, आणि त्यामुळे कॅचरला अडथळा झाला, की बॅटर बाद. रनर परत पहिल्या बेसवर. फेकीने रनर बाद झालाच, तर अडथळा सोडून देतात. बॅटर तिसऱ्या स्ट्राइकवर आधीच बाद असेल, तर रनरही बाद. चौकोनात स्तब्ध उभा राहिलेला बॅटर मात्र निर्दोष.

मला हा नियम जास्त पटतो. हेतू शोधायला रिप्ले लागतो. शाळेच्या मैदानावर तो कुठला? तिथे चुन्याची रेघ असते (तीही दुसऱ्या डावापर्यंत पुसली जाते). शेवटी अडथळा झाला की नाही, हे पंचाच्या नजरेवरच. आणि कॅचरने फेकण्याचा प्रयत्नच केला नाही, तर पंच सहसा काही देत नाहीत. तेव्हा कॅचरांनो, बॅटर समोर आला तरी फेका.