चाकामागचा सांधा

चरकसंहितेंत अभ्यंगाचें महत्त्व सांगतांना गाडीच्या आंसाचा दृष्टांत दिला आहे. वंगण मिळालेला आंस जसा दृढ होऊन श्रम सोसतो, तसेंच तेल चोळलेलें शरीर. हा दृष्टांत मीं वर्गांत मुलांना अनेकदां सांगितला. परंतु स्वतःच्या दारांतील मोटारीसही तो लागू आहे, हें कळावयास गेली दिवाळी उजाडावी लागली.

आमचें एकत्र कुटुंब संगमनेरास राहतें. मोटार एक, चालविणारे पांच. भाद्रपदांत धाकट्या सूनबाईंनीं अंगण धुतांना पुढील डाव्या चाकाच्या आंतल्या अंगास काळें, चिकट वंगण उडालेलें पाहिलें व मला सांगितलें. ‘दाखवूं’ म्हणालों आणि विसरलों. इतरांच्याही तें दृष्टीस पडलें. प्रत्येकास वाटलें, दुसरा पाहील. दिवाळीनंतर वडील बंधूंना उपचारासाठीं नाशकास न्यावयाचें होतें. गल्लीच्या तोंडाशीं चाक पुरतें वळवितांच ‘कट्‌ कट्‌’ असा आवाज येऊं लागला. मिस्त्रींनीं, “मास्तर, या गाडीनें लांब जाऊं नका,” असें बजाविलें. भाड्याची गाडी मिळेपर्यंत आजारी माणसास दोन तास ओट्यावर ताटकळावें लागलें.

अँबॅसडर, पद्मिनी या जुन्या गाड्यांत एंजिनाची शक्ति मागील चाकांस मिळे. १९८३ सालीं मारुती ८०० आली आणि पुढील चाकांच्या बळावर चालणारी मोटार घरोघर पोहोंचली. या चाकांस फिरावयाचेंही असतें व वळावयाचेंही. साधा सांधा वांकला म्हणजे एकाच फेऱ्यांत चाकाचा वेग कमीजास्त होतो व हिसके बसतात. तसें होऊं नये म्हणून तेथें समवेग सांधा असतो. मिस्त्री त्यास ‘सीव्ही जॉइंट’ म्हणतात. चाकाजवळच्या सांध्यांत बहुधा सहा पोलादी गोळ्या खांचांतून सरकतात.

सांध्यावर घड्यांचें रबरी आवरण, म्हणजे ‘बूट’, व आंत कायमचें भरलेलें वंगण असतें. बूट फाटला कीं फिरण्याच्या वेगानें वंगण बाहेर उडतें, धूळ व पाणी आंत शिरतें आणि गोळ्या व खांचा झिजतात. आवाज येण्यापूर्वींच सांधा स्वच्छ करून, त्याचेंच योग्य वंगण भरून नवा बूट चढविला, तर बहुधा थोडक्यांत निभावतें. आवाज सुरू झाल्यावर नुसत्या बुटानें झीज भरून येत नाहीं. सांधाच बदलावा लागतो. आमचें तसेंच झालें.

म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळीं व पावसाळा संपतांच चाक पुरतें वळवून विजेरीच्या उजेडांत बूट पाहावा. भेग, सैल पट्टी किंवा वंगणाचे शिंतोडे दिसल्यास दिरंगाई करूं नये. शेतांतल्या धसकटांतून गाडी नेली असल्यास घरीं येतांच पाहावें. चाक पुरतें वळलेलें असतां एकदम वेग देऊं नये. धुतांना पाण्याचा जोरदार फवारा बुटाच्या कडेवर मारूं नये. सरळ रस्त्यावर वेग घेतांना गाडी थरथरूं लागली, तर आंतला सांधाही तपासून घ्यावा.

आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं सूनबाई गाडी पाहतात व त्या सांगतील तें त्याच आठवड्यांत केलें जातें. एकत्र कुटुंबांत वस्तु सर्वांची असते. तिची चिंता मात्र कोणा एकाकडे सोंपविलेली बरी. आणि ज्यानें पाहून सांगितलें, त्याचें ऐकणें हें वडीलधाऱ्यांचें काम. तें माझ्या हातून झालें नाहीं, म्हणून हें लिहिलें.